वृंदा जेवायला येते

हर्षदाला झोप लागलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते. पितृपक्षात, नैवेद्य व्हायच्या आत, घरातली बाई भर सकाळी झोपली असं कुणी म्हटलं तर तिला मेल्याहून मेल्यासारखं होईल. ती नुसती टेकलीय. स्वयंपाकघरात खाली फरशीवर, पाठ फ्रीजला लावून, पाय लांब सोडून. पहाटेपासून उभी आहे. खीर झाली, कढी झाली, अळू झालं, भोपळा झाला, आमसुलाची चटणी वाटून झाली, उडदाचे वडे तळून झाले. नैवेद्याचं पानही वाढून टेबलावर ठेवलंय, वर जाळीचं झाकण घातलंय. पोळ्या तेवढ्या गरम गरम लाटायच्यात. आता घटकाभर करण्यासारखं काही नाही, आणि तीच तर पंचाईत आहे, कारण हात थांबले की हर्षदाचं डोकं सुरू होतं.

आज अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं आज पान वाढायचं, सवाष्ण जेवायला बोलवायची, तिची ओटी भरायची. या घरातलं पान वृंदाचं. वृंदा म्हणजे श्रीरंगची पहिली बायको, गार्गीची आई. चार वर्षांमागे डेंग्यू झाला आणि बघता बघता गेली. हर्षदा दुसरी. गेल्या दिवाळीनंतर लग्न होऊन बारामतीहून फलटणला या घरात आली. म्हणजे ज्या बाईच्या जागेवर आपण आलो, तिच्याच जेवणाचा स्वयंपाक तिनं आज रांधलाय. तसा रोजच ती वृंदाचाच स्वयंपाक रांधते म्हणा. आमटीत गूळ किती, वृंदा घालायची तेवढा. चहाला आलं किती, वृंदा किसायची तेवढं. सासूबाईंना, म्हणजे आक्कांना, विचारून विचारून तिनं सगळं शिकून घेतलंय. आक्काही भल्या. विचारलं की सांगतात, नाही विचारलं तर गप्प बसतात.

आणि ते डबे! वृंदा होती शेवग्याच्या शेंगेसारखी उंच. साखर, चहा, पोहे, सगळं तिनं वरच्या फळीवर लावलेलं. हर्षदा ठेंगणी. साखरेसाठी स्टूल, पोह्यांसाठी स्टूल, दिवाळीच्या आत वरून पडून पाय मोडून घेणार ही. मग डबे खाली का घेत नाही? तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिनं साखरेचा डबा खाली आणला होता. गार्गी दारात उभी होती. तिनं नुसतं डब्याकडे बघितलं, मग हर्षदाकडे, आणि वळून गेली. हर्षदानं डबा होता तिथे ठेवून दिला आणि तेव्हापासून स्टूल.

गार्गी वाईट नाही हो. वाईट असती तर बरं झालं असतं, असं म्हणायची पाळी आलीय. तेरा वर्षांची पोर, पण वागते कशी? जेवली की आपलं ताट आपण घासते. पाणी हवं असेल तर "काकू, तुम्ही बसा, मी घेते." नवा फ्रॉक आणला, "थँक्यू काकू, छान आहे." आणि तो फ्रॉक कपाटात तसाच. कधी रुसणं नाही, हट्ट नाही, उलट उत्तर नाही. आणि हर्षदा? लग्नाआधी बालवाडीत शिकवायची तेव्हा वर्गभर पोरांवर असं ओरडायची की शेजारचा वाणी दुकानातून डोकावून बघायचा. तीच हर्षदा या पोरीशी बँकेतल्या काऊंटरवर बोलावं तसं बोलते. दोघी एकमेकींना इतकं सांभाळून घेतात की बघणाऱ्याला घाम फुटावा. कामाचा शीण रात्री झोपलं की जातो. हा शीण जात नाही.

त्यात गेल्या महिन्यात नंदामावशीचा फोन आला. नंदा म्हणजे वृंदाची धाकटी बहीण, पुण्याची. म्हणाली, दिवाळीनंतर गार्गीला माझ्याकडे पाठवा, इथे शाळा चांगल्या आहेत, तुमचाही नवा संसार. श्रीरंग म्हणाला, गार्गीला विचारू. गार्गी म्हणाली, "काकूंना चालत असेल तर चालेल." मग त्यानं हर्षदाला विचारलं. हर्षदाला नाही म्हणायचं होतं, आणि तोंडातून काय निघालं? "गार्गीला चालत असेल तर चालेल." झालं. दोन्हीकडून चालेल आलं, म्हणजे ठरलंच की! आज नंदा जेवायला येणार आणि शाळेचं पक्कं करून जाणार. श्रीरंग तिला आणायला स्टँडवर गेलाय. समोरच्या विंगेतल्या शहाणेवहिनी सवाष्ण म्हणून येणारेत. आक्का बाहेरच्या खोलीत वाती वळतायत. गार्गीची शनिवारची सकाळची शाळा, तीही येईलच इतक्यात.

फ्रीज घुर्र करून सुरू होतो. पाठीला ऊब लागते. बरं वाटतं. कढीखालचा गॅस बंद केला का? केला. की खिरीखालचा केला? उठून बघावं. हर्षदा उठते, बघते, गॅस बंद आहे, आणि तरी तिचे पाय फरशीवर लांब सोडलेलेच आहेत. असू देत. जरा वेळ असू देत.

स्टुलावर कुणीतरी बसलंय.

"हलू नकोस," ती बाई म्हणते, "हे डुगडुगतं फार. पडेन मी."

शहाणेवहिनी आल्या वाटतं, असं हर्षदाला आधी वाटतं. मग तिला गुडघे दिसतात. एवढ्याशा स्टुलावर एवढी उंच बाई, गुडघे पार छातीशी आलेत. अंगात फुलाफुलांचा विटका गाऊन, खांद्यावर पंचा, केसांना प्लास्टिकचा चाप, त्याचा एक दात मोडलेला. बाहेरच्या खोलीतल्या फोटोत हीच बाई पैठणी नेसून, हार घालून बसलेली असते. फोटोतल्या बाईला असं गाऊनवर बघायचं म्हणजे हर्षदाला कुणाच्या न्हाणीघरात चुकून शिरल्यासारखं होतं.

घाबरायला हवं, हे तिला कळतं. पण घाबरायलाही अंगात त्राण लागतं.

"तुम्ही इतक्या लवकर आलात?" ती विचारते. "पोळ्या व्हायच्यात अजून."

"होऊ देत की. मला कुठे गाडी पकडायचीय? उभ्यानं आले बाई सगळी वाट. एकानं म्हणून उठून जागा दिली नाही."

"कुठून आलात?"

वृंदा नुसता हात हलवते, लांबून, अशा अर्थी. मग मान वर करून फळीकडे बघते. "अगोबाई! साखर अजून तिथेच?"

"तुमची जागा आहे ना ती."

"माझी जागा कसली डोंबलाची! गार्गी बोकाणे भरायची साखरेचे, म्हणून वर ठेवली. एवढीशी होती तेव्हा. तिचा हात पोचू नये म्हणून."

"आता पोचतो," हर्षदा म्हणते. "माझा पोचत नाही, तिचा पोचतो. माझ्यापेक्षा उंच झालीय ती."

"उंच झाली?"

"चांगली वीतभर."

वृंदा खांद्यावरचा पंचा काढते, त्याची घडी घालते, पुन्हा मोडते, पुन्हा घालते. खिडकीबाहेर उसाचे मळे मागे मागे पळतायत. एसटी खड्ड्यात आदळते आणि वरच्या फळीवरचे डबे खडखडतात. दोघी एका बाकावर बसल्यात, वृंदा खिडकीशी. पुढच्या बाकावर आक्का वाती वळतायत, त्यांना या दोघी दिसत नाहीत. कंडक्टर येतो, दोघींकडे बघतो आणि तिकीट न मागता पुढे जातो.

"ही गाडी कुठे जातेय?" हर्षदा विचारते.

"मला काय ठाऊक? मी आपली जेवायला आलेय."

नैवेद्याचं पान वृंदाच्या मांडीवर आहे. तिनं जाळी बाजूला केलीय आणि सगळं न्याहाळतेय. "गवार नाही ना केलीस? नशीब. ती एक माझ्या गळ्यात मारली होती. वृंदाला गवार आवडते, वृंदाला गवार आवडते! मला नाही, आक्कांना आवडायची, म्हणून मी करायचे. गेल्या खेपेला आले तर पानात ढीगभर गवार."

असं म्हणून ती वडा उचलते आणि खाते.

"अहो! नैवेद्य आहे तो! उष्टा केलात!"

"नैवेद्य कुणाचा?"

"तुमचा."

"मग मी खाल्ला तर उष्टा कसा होईल?"

याचं उत्तर गुरुजींकडेही नसेल. वृंदा मिटक्या मारत खातेय, बोटं चाटतेय. फोटोतली बाई इतकी खादाड असेल असं हर्षदाच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं, असं म्हणणार होते मी, पण ते आता कसं म्हणायचं?

"छान झालाय," वृंदा म्हणते. "माझे वडे चिवट व्हायचे. श्रीरंग म्हणायचे, हे वडे नाहीत, हे स्कूटरचे वायसर आहेत."

"मला तर म्हणाले, वृंदासारखे वडे कुणाला जमत नाहीत."

"बघ! मेलं की हे असं होतं. सगळे चांगलंच बोलायला लागतात. मी इतकी चांगली नव्हते गं. मला ऐकून ऐकून कंटाळा आला. घसा फाटेस्तोवर ओरडायचे मी. एकदा पोरीला शाळेतून आणायचंच विसरले, गप्पा मारत बसले होते शहाणेवहिनींकडे. शिपायानं आणून सोडलं. तेव्हा नुसता राग राग केला तिनं, माझ्याशी बोलेना, जेवेना. माझं नि तिचं एक दिवस धड पटायचं नाही."

"माझं नि तिचं चांगलं पटतं," हर्षदा म्हणते. "एकदाही भांडण झालं नाही. एकदाही."

"मग गेलीच म्हणायची."

"कोण?"

वृंदा हनुवटीनं दाखवते. बालवाडीचा वर्ग आहे. भिंतीवर अ अननसाचा, आ आईचा. बुटक्या बाकांवर छोटी छोटी पोरं हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून बसलीत, आणि त्यांच्यात गार्गी, तेरा वर्षांची, गुडघे बाकात मावत नाहीत, तरी हाताची घडी, तोंडावर बोट. बाकीची पोरं हळूहळू चुळबुळ करायला लागतात, एकमेकांना ढोसतात, एकजण खो खो हसतो. गार्गी हलत नाही.

"बाई वर्गात असताना पोरं अशी बसतात," वृंदा म्हणते. "घरी कुणी बसतं का असं?"

"मी कधी सांगितलं तिला असं बस म्हणून?"

"आणि तू कशी बसलीयस ते बघ."

हर्षदा बघते. तीही एका बुटक्या बाकावर बसलीय. हाताची घडी. हे बघून तिला इतका शीण येतो, इतका शीण येतो, की तिथेच डोकं टेकावं आणि कुणी हाक मारू नये. इतके महिने ती या घरात पाय न वाजवता चालतेय. कपाटाचं दार हळू लावतेय. टीव्हीचा आवाज कमी ठेवतेय. आपल्याच घरात चोरासारखं राहायचं म्हणजे काय ते राहणाऱ्यालाच कळतं.

"ती पुण्याला जाणार आहे," हर्षदा म्हणते. "तुमच्या नंदाकडे."

"कळलं मला."

"तुम्ही सांगा ना तिला, राहा म्हणून. तुमचं ऐकेल."

"मी?" वृंदा तिच्याकडे वळते. पहिल्यांदाच तिचा चेहरा नीट दिसतो. डोळ्यांखाली काळं आहे. फोटोत ते नाही. "मी कशी सांगू? मी कोण आता?"

"तुम्ही आई आहात तिची."

"आणि तू का नाही सांगितलंस?"

"माझा काय हक्क?"

"मग कुणाचा हक्क? सांग ना. श्रीरंग म्हणतील गार्गीला विचारा. गार्गी म्हणेल काकूंना विचारा. तू म्हणशील वृंदाला विचारा. आणि वृंदा बसलीय स्टुलावर! या घरात कुणी घरातलं आहे की नाही? अगं, आज पाहुणी मी आहे. पान माझं आहे. वर्षातून एकदा येते, खाते आणि जाते. तूही पाहुणीच होऊन बसलीस तर मला वाढणार कोण?"

वर्ग नाही. पोरं नाहीत. स्वयंपाकघरच आहे, पण टेबल भिंतीपासून फार लांब गेलंय आणि खिडकीतून उन्हाऐवजी पाणी साचल्यासारखा उजेड आलाय. दोघी खाली फरशीवर शेजारी शेजारी बसल्यात, पाठी फ्रीजला लावून. वृंदाचे पाय बरेच पुढे जातात. तिच्या टाचांना भेगा पडल्यात.

"मला ती हवीय हो," हर्षदा म्हणते. असं उघड तिनं आजवर कुणाला म्हटलेलं नाही, नवऱ्याला नाही, आईला नाही. "ती माझ्याशी गोड बोलते ना, ते ऐकवत नाही मला. पण ती गेली तर या घरात मी काय करू? सकाळी तिची वेणी घालताना तिचं डोकं माझ्या हातात असतं तेवढं असतं. तेवढंसुद्धा मला हवंय."

"मलाही हवीय," वृंदा म्हणते.

  फ्रीज घुर्र करतो आणि थांबतो. हर्षदाला वाटतं, या बाईचा हात धरावा, पण हात धरायला गेलं आणि हाताला काही लागलंच नाही तर?

वृंदाच तिचं मनगट धरते. हाताला काही लागत नाही असं मुळीच नाही. तेलकट, गरम, वड्याच्या तेलानं माखलेली बोटं. चांगली घट्ट पकड.

"मला हवी असून मिळायची नाही," ती म्हणते. तिचा आवाज आता चढलाय. "चार वर्षं झाली, इथे आले तरी पान दिसतं, तिचं नख दिसत नाही. आणि तुला मिळतेय, समोर ताट वाढल्यासारखी, तर तू चालेल म्हणतेस? चालेल? अगं, तुला लाज कशी वाटली नाही?"

ती ओरडतेय. घसा फाटेस्तोवर ओरडतेय. गंमत बघा, हर्षदाला त्या ओरडण्यानं बरं वाटतं. इतक्या महिन्यांत या घरात तिच्यावर कुणी ओरडलं नव्हतं.

"पाणी दे," वृंदा एकदम मवाळ होऊन म्हणते. "ठसका लागला. आणि उठ आता. गॅस सुरू राहिलाय तुझा."

"बंद केलाय मी."

"खिरीखालचा?"

हर्षदा धडपडून उठते.

ती खरंच उठते. डोळ्यांवर ऊन येतं. पायाला मुंग्या आल्यात. गॅस बंद आहे, खिरीखालचाही. बाहेरच्या खोलीतून आक्कांचं पुटपुटणं येतंय. स्टूल रिकामं. स्वप्न! भर सकाळी, नैवेद्य व्हायच्या आत, मेली झोपच लागली. कुणी बघितलं नाही ना, म्हणून ती इकडेतिकडे बघते, पदर सारखा करते, आणि टेबलाशी येते.

जाळी पानावर जशीच्या तशी आहे. जाळीखाली खीर आहे, अळू आहे, चटणी आहे. वडे आहेत. वरचा वडा अर्धा आहे. त्यावर दातांची अर्धगोल खूण, ताजी.

हर्षदा जाळी उचलते. वडा उचलते. तो थंडगार आहे आणि खरा आहे. आणि तेवढ्यात दारात गार्गी उभी, शाळेचं दप्तर पाठीवर, पायात बूट.

"गार्गी!"

ती आल्यापासून एवढा आवाज या घरात निघालेला नाही. बाहेर आक्कांचं पुटपुटणं थांबतं.

"काही कळतं का नाही तुला? एवढी मोठी घोडी झालीस! पहाटेपासून कंबर मोडतेय मी इथे, नैवेद्य व्हायचाय अजून, आणि त्यातला वडा खाल्लास? घटकाभर दम धरवत नाही?"

गार्गीचं तोंड उघडंच. "मी? मी आत्ता आलेय!"

"खोटं बोलू नकोस!"

"खरंच मी नाही खाल्ला! मी आत्ता जिना चढून आले! बूटसुद्धा काढले नाहीत!"

"मग कुणी खाल्ला? तुझ्या आईनं?"

बोलून जाते आणि हर्षदाला वाटतं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. चार वर्षं या घरात तो शब्द सगळे किती जपून उच्चारतात! आणि आज, आजच्या दिवशी, तिच्याच पानापुढे उभं राहून. 

गार्गी तिच्याकडे बघतेय. मग तिच्या हातातल्या अर्ध्या वड्याकडे बघते.  हर्षदाला वाटतं आता रडणार.

"ती खायची," गार्गी म्हणते. "खरंच. दर वेळी. आजोबांच्या श्राद्धाला पण. आजी पाठ वळवायची आणि ती एक वडा तोंडात टाकायची आणि मला खुणावायची, गप्प बस म्हणून." आणि एकदम ती हसायला लागते, तोंडावर हात दाबून, डोळ्यांतून पाणी येतंय तरी हसतेय. "तुम्ही कसल्या ओरडलात काकू! घोडी म्हणालात मला!"

"म्हणाले," हर्षदा म्हणते. "घोडीच आहेस."

ती मटकन खुर्चीवर बसते.  मनगटावर तेलाचा ओशट पट्टा आहे. तळताना लागला असेल, कुठेही लागतं तेल. ती तो पुसत नाही.

"गार्गी, ऐक. मावशी आता येईल. तुला पुण्याला जायचं असेल तर जा. पण मला चालणार नाही. मी चालेल म्हणाले ते खोटं होतं. तू गेलेली मला अजिबात चालणार नाही. मी रडेन. जेवणार नाही. काय करायचं ते कर."

गार्गी बराच वेळ दाराच्या चौकटीला नखानं ओरखडे काढत उभी राहते.

"मग मेथी बंद करा," ती म्हणते.

"कसली मेथी?"

"डब्यातली! रोज मेथीचे पराठे! सोमवार मेथी, मंगळवार मेथी! मला मेथी आवडत नाही! मी रोज तो डबा केतकीला देते आणि तिची साबुदाण्याची खिचडी खाते!" बोलता बोलता तिचा आवाजही चढलाय. "किती महिने झाले!"

"अगं, मग सांगायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं का? आक्का म्हणाल्या, तुला मेथी फार आवडते!"

"आजीला आवडते!"

बाहेर बेल वाजते. श्रीरंगचा आवाज, नंदाचा आवाज, आक्का उठल्याचा आवाज. दोघी एकदम त्या अर्ध्या वड्याकडे बघतात. हर्षदा तो पानात ठेवते. गार्गी पुढे होऊन त्यावर दुसरा वडा ठेवते, असा की खालचा दिसू नये.

"आजीला सांगू नका," ती कुजबुजते. "आणि मावशीला तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार. मला तिची भीती वाटते."

"सांगेन," हर्षदा म्हणते. "पण मेथी आठवड्यातून एकदा खायचीच."

"नाही."

"एकदा म्हणजे एकदा. आणि आधी ते बूट काढ."